टेकडीवरचें क्रीडांगण

मुलांस खेळावयास जागा नाहीं ही तक्रार शहरांतील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत ऐकूं येते, आणि ती खोटी आहे असें कोण म्हणेल? वाडे गेले, त्यांबरोबर चौक गेले. परसांतील औदुंबर, पारिजातक व आडाजवळची केळ गेली. अंगण म्हणून जें कांहीं उरलें तें मोटारींनीं व्यापलें. इमारतीच्या एका कोपऱ्यांत एक घसरगुंडी, दोन झोपाळे आणि खालीं रबराची रंगीत फरशी घालून ‘बालोद्यान’ अशी पाटी लावली, म्हणजे मोठ्या माणसांस आपलें कर्तव्य झालें असें वाटतें. त्या बालोद्यानांत मूल किती वेळ रमतें हें मात्र कोणी घड्याळ लावून पाहत नाहीं. घसरगुंडीवरून वीस वेळां खालीं आल्यानंतर एकविसाव्या वेळीं तिच्यावर उलट्या बाजूनें चढावें असें मुलाच्या मनांत येतें. हा त्याच्या बुद्धीचा पहिला स्वतंत्र विचार. आणि नेमकी त्याच वेळीं रखवालदाराची शिटी वाजते.

घसरगुंडीशीं आमचें वैर नाहीं. पेशवे उद्यानांत १९५६ सालीं ‘फुलराणी’ धांवूं लागली, तेव्हांपासून पुण्यांतील कित्येक पिढ्यांनीं तिच्यांत बसण्यासाठीं आईबापांजवळ हट्ट धरला आहे, आणि तो आनंद खोटा नव्हता. परंतु फुलराणींत बसलेल्या मुलास स्वतः करावयाचें असें कांहींच नसतें. गाडी दुसरा कोणी चालवितो, रूळ आधींच टाकलेले असतात, फेरी संपली कीं उतरावें लागतें. माती, काटक्या, दगड व पाणी यांचा प्रकार अगदीं निराळा. ह्या वस्तु मुलास कांहींच सांगत नाहींत. आणि म्हणूनच मुलास त्यांच्याकडून कांहीं करवून घ्यावें लागतें.

आपले जुने खेळ पाहिले तर ते बहुतेक अशा फुकट वस्तूंवरच उभारलेले आढळतील. सागरगोटे म्हणजे एका कांटेरी वेलीच्या राखी, कठीण, गुळगुळीत बिया. त्यांची शेंगहि कांटेरी, त्यामुळें खेळ सुरू होण्यापूर्वींच बोटें रक्ताळत. चिंचोके, कवड्या, बांगड्यांच्या कांचा हें मुलींचें भांडवल. आंब्याची कोय दगडावर घासून तिची पुंगी करीत. सूरपारंब्यांच्या खेळांत तर झाड हाच मुख्य गडी. झाडाखालीं रिंगण आंखावयाचें, एकानें पायाखालून काठी दूर भिरकावावयाची, आणि ज्याच्यावर राज्य आलें तो ती आणावयास धांवतो आहे तोंच बाकीच्यांनीं फांद्यांवर चढून बसावयाचें. कोणती फांदी किती भार सोसते, कोणती पावसानें निसरडी झाली आहे, कोठून उडी टाकली असतां पाय मुरगळत नाहीं, हें सर्व ज्ञान कोणी शिकविल्यावांचून अंगीं मुरत असे.

ज्या गोष्टी आपल्याकडे आपोआप घडत होत्या त्या युरोपांत एका शहाण्या माणसानें निरीक्षण करून शोधून काढल्या, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. डेन्मार्कमधील कार्ल थिओडोर सोरेनसेन हा उद्यानरचनाकार. त्यानें मुलांसाठीं नीटनेटकीं क्रीडांगणें रचिलीं. परंतु त्याच्या असें ध्यानांत आलें कीं, मुलें तीं सोडून जेथें इमारतीचें काम चाललें असेल, जेथें फळ्या, विटा, मातीचे ढीग पडले असतील, तेथेंच जाऊन रमतात. १९३१ सालीं त्यानें ही कल्पना आपल्या पुस्तकांत मांडली, आणि १९४३ सालीं, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यांत असतां, कोपनहेगनजवळील एमड्रुप येथें एका गृहवसाहतीच्या शेजारीं असें मोडक्यातोडक्या सामानाचें पहिलें क्रीडांगण उघडलें. देखरेखीस जॉन बेर्टेलसेन नांवाचा एक गृहस्थ नेमला. मुलांस खेळ शिकविणें हें त्याचें काम नव्हे, मुलांनीं योजिलेल्या कामांत मागितल्यास साहाय्य करणें हें होतें. आपण घडविलेल्या सर्व जागांत ही सर्वांत कुरूप आणि तरीहि आपणांस सर्वांत सुंदर वाटणारी, असें सोरेनसेन पुढें म्हणत असे. महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं लेडी ॲलन ह्या इंग्रज बाईंनीं तें क्रीडांगण पाहिलें, त्याविषयीं मायदेशीं लिहिलें, आणि बाँबनें उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या मोकळ्या जागांत तशींच क्रीडांगणें निघालीं. पडक्या भिंतींच्या मधोमध मुलें घरें बांधूं लागलीं, हें त्या पिढीच्या वांट्यास आलेल्या मोजक्या सुखद दृश्यांपैकीं एक असावें.

आपणांस भंगार आणून टाकण्याचीहि गरज नाहीं. महाराष्ट्रांतील बहुतेक शहरांच्या उशाशीं एखादी टेकडी, पायाशीं एखादा ओढा आहे. पुणेंकरांचें भाग्य तर विशेष. पर्वती, हनुमान टेकडी, तळजाई आणि सर्वांत उंच वेताळ टेकडी अशा टेकड्या शहराच्या ऐन वस्तींत आहेत. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० फूट. वर वेताळाचें देऊळ, एक जुनी दगडाची खाण, मोरांचा वावर, आणि वनखात्यानें लाविलेल्या गिरिपुष्पाचें दाट रान. गिरिपुष्प हें मूळचें मध्य अमेरिकेंतील झाड, आणि येथील पांखरांस व फुलपांखरांस तें फारसें उपयोगी नाहीं असा जाणत्यांचा त्यावर आक्षेप आहे. तो खरा मानूनहि मुलांच्या बाजूनें एवढें सांगूं कीं, त्याखालीं सरळ, हलक्या, वाळक्या काटक्यांचा कधीं तुटवडा पडत नाहीं.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही शेजारपाजारचीं पांच मुलें घेऊन ह्या टेकडीवर गेलों होतों. सर्वांत धाकटी मुलगी चार वर्षांची, सर्वांत थोरला मुलगा दहा वर्षांचा. समवेत एक आजीबाई, वय पंचाहत्तर, परंतु चढणीवर आमच्या पुढें. थोरल्या मुलास त्याच्या मातोश्रींनीं एका अटीवर धाडलें होतें, कीं सहा वाजतां त्याचा गणिताचा वर्ग असल्यानें त्यास साडेपांचला खालीं उतरवावें. बिचाऱ्याच्या आठवड्याचा कोणताच तिसरा प्रहर त्याचा स्वतःचा नव्हता. सोमवारीं बुद्धिबळ, मंगळवारीं पोहणें, बुधवारीं गणित, पुढें तबला; सुटींतहि तें चक्र थांबलें नव्हतें. वर पोंचतांच त्यानें चहूंकडे पाहिलें आणि विचारलें,

“काका, इथं झोपाळा कुठं आहे?”

“इथं झोपाळा नाहीं.”

“मग करायचं काय?”

ह्या प्रश्नास उत्तर न देणें हें फार कठीण असतें. मोठ्या माणसाच्या तोंडाशीं दहा सूचना येतात: चला, पानें गोळा करूं, चला, पक्षी मोजूं, चला, लपंडाव खेळूं. आम्ही त्यांपैकीं एकहि केली नाहीं. सतरंजी अंथरली, आजीबाईंनीं जपमाळ काढली, आणि आम्ही झाडास टेकून बसलों. पहिलीं वीसपंचवीस मिनिटें खरोखरच कंटाळवाणीं गेलीं. मुलें भोंवतीं घोटाळलीं, खाऊ मागूं लागलीं, एकमेकांस ढकलूं लागलीं. थोरला तर ‘घरीं केव्हां जायचं’ असें दोनदां विचारून गेला. ज्या पालकांस मुलांस अशा जागीं न्यावयाचें आहे त्यांनीं ह्या अर्ध्या तासाची मनाची तयारी करूनच निघावें. नेहमीं कोणी तरी खेळविलेल्या मुलास आपण होऊन खेळावयाचें असतें ह्याची आठवण होण्यास तेवढा वेळ लागतो.

सुरुवात धाकटीनें केली. एका झाडाच्या बुंध्याशीं पिठासारख्या मऊ, कोरड्या धुळींत लहान लहान नरसाळ्यासारखे खळगे दिसत होते. तिनें त्यांत काडी घातली, तों तळांतून धुळीचा फवारा उडाला! क्षणार्धांत चार डोकीं त्या खळग्यावर ओणवीं झालीं. खळग्याच्या तळाशीं एक राखी किडा दडून बसलेला असतो. खळग्याची कड इतकी निसरती कीं, वाटेनें जाणारी मुंगी आंत घसरते. ती वर चढूं लागली कीं हा खालून धूळ उडवून तिला पुन्हां पाडतो. हें सर्व आम्ही त्यांस सांगितलें नाहीं. एक मुंगी आपल्या पायांनीं आली, पडली, आणि मुलांनीं तें नाटक आरंभापासून अंतापर्यंत स्वतः पाहिलें. मुंगी धरली गेली तेव्हां सहा वर्षांची मुलगी रडली; आठ वर्षांच्या मुलाचें म्हणणें असें पडलें कीं किड्यासहि भूक लागते. ह्या प्रश्नावर त्यांचा जो वाद झाला तो धर्मशास्त्रांतील पुष्कळ वादांहून आम्हांस सरस वाटला. पुढें एकानें किडा तळहातावर घेतला, तों तो उलटा, मागें मागें चालूं लागला. हाच किडा वाढल्यावर चतुरासारखा चार पंखांचा होऊन उडतो, हें त्यांना ठाऊक नव्हतें. आम्हींहि त्या दिवशीं तें राखून ठेविलें.

थोरला मात्र दूर दगडावर बसून पायमोजे उपटीत होता. आश्विन-कार्तिकांत आपल्या माळरानावरील कुसळी गवत पिकतें आणि त्याचीं कुसळें कपड्यांत शिरतात, हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. त्यानें वैतागून एक कुसळ काढलें आणि तें घामानें ओल्या झालेल्या तळहातावर ठेविलें. तें हळूच वळलें! त्यानें हात झटकला. पुन्हां ठेविलें, पुन्हां वळलें. मग त्यानें जिभेनें तें ओलें केलें, आणि कुसळाचें लांब शेपूट घड्याळाच्या कांट्याप्रमाणें गरगर फिरूं लागलें.

ह्या शेपटाची करामत अशी कीं, तें कोरडें असतां दोरीप्रमाणें पिळलेलें असतें. दंव किंवा पाऊस लागला कीं पीळ सुटतो, ऊन पडलें कीं पुन्हां भरतो. पीळ सुटतांना आणि भरतांना टोंकाशीं असलेलें टोंकदार बीं गिरमिटाप्रमाणें जमिनींत शिरतें. त्याच्या अंगावरील ताठ लव मागें वळलेली असल्यानें आंत गेलेलें बीं बाहेर निघत नाहीं. आपल्या मोज्यांतून तें निघत नाहीं तें ह्याच कारणानें. गवताला हातपाय नाहींत, नांगर नाहीं. तरी तें आपली पेरणी आपणच करून घेतें. त्या मुलानें हें कारण अर्थातच ह्या शब्दांत शोधिलें नाहीं. त्यानें केलें तें असें: डब्याच्या झांकणांत ओली माती घेतली, तींत दहा कुसळें उभीं केलीं, कोरड्या मातींत दुसरीं दहा उभीं केलीं, आणि कोणतीं अधिक फिरतात तें मोजीत बसला. पाऊण तास त्यानें मान वर केली नाहीं. बुधवारच्या वर्गांत तो मोजणीला कंटाळतो, असें त्याच्या मातोश्री आम्हांस सांगत होत्या.

साडेपांचला आम्ही दिलेला शब्द पाळला आणि त्यास हांक मारली. तो उठला, मुकाट्यानें उतरला, वर्गास गेला. डब्याचें झांकण त्यानें दोन्ही हातांत धरून नेलें. दुसऱ्या दिवशीं त्याच्या मातोश्रींचा निरोप आला, कीं सकाळीं न्हाणीघराच्या खिडकींत मातीचा गाळा व कुसळें ठेवलेलीं सांपडलीं, तीं टाकावींत कीं ठेवावींत? आम्हीं ठेवण्यास सांगितलें. तबल्याचा वार आठवड्यापुरता मोकळा करण्याविषयींहि सुचविलें. त्यावर उत्तर आलें नाहीं. मुलांच्या हितासाठीं झिजणाऱ्या आयांची आम्ही थट्टा करीत नाहीं. चढाओढीचे दिवस आहेत, आणि आपलें मूल मागें पडेल ही भीति खोटी नाहीं. परंतु एखाद्या गोष्टीकडे कोणी न सांगतां पाऊण तास एकाग्रतेनें पाहणें ही शक्ति कोणत्या वर्गांत शिकवितात, हें ज्यांस ठाऊक असेल त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावें.

डोळ्यांच्या आरोग्याची गोष्ट तर आतां मोजून सिद्ध झाली आहे. चीनमधील ग्वांगझू शहरांतील बारा शाळांत पहिलींतील मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतील मुलांस रोज चाळीस मिनिटें अधिक घराबाहेर ठेविलें. तीन वर्षांनीं पाहिलें, तों इतर शाळांत शेंकडा ३९.५ मुलांस नव्यानें दूरचें कमी दिसूं लागलें होतें. बाहेर खेळलेल्या मुलांत तें प्रमाण शेंकडा ३०.४ होतें. खर्च कांहीं नाहीं, औषध कांहीं नाहीं. केवळ उजेड आणि दूरवर पाहण्याची संधि. ज्या घरांत आजोबा, वडील आणि मुलगा तिघांच्याहि नाकावर चष्मा आहे, आणि अशीं घरें आमच्या वाचकांत पुष्कळ असतील, त्यांनीं हे आंकडे ध्यानांत ठेवावे.

मातीविषयीं आपल्या मनांत जी एक अढी असते तिलाहि शास्त्रज्ञांनीं अलीकडे धक्का दिला आहे. फिनलंडमध्यें कांहीं बालगृहांचीं खडी घातलेलीं अंगणें होतीं. तेथें अरण्यांतील मातीचा थर व हिरवळ आणून पसरली आणि तीन ते पांच वर्षांच्या मुलांस त्यांत खेळूं दिलें. अठ्ठावीस दिवसांत त्यांच्या त्वचेवरील उपकारक जंतूंत विविधता वाढली आणि रक्तांतील रोगप्रतिकाराच्या खुणांतहि इष्ट पालट दिसला, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. मुलें पंचाहत्तरच होतीं, तेव्हां ह्यावर मोठा इमला उभारूं नये; पण चिखलानें माखलेल्या मुलास पाहून कपाळास आंठी घालण्यापूर्वीं हें आठवावयास हरकत नाहीं. आमच्याकडे सोंवळ्याच्या कल्पना ढिल्या झाल्या खऱ्या. परंतु सोंवळें गेलें आणि त्याच्या जागीं बाटलींतील जंतुनाशक आलें, इतकाच फरक पुष्कळ घरांत झालेला दिसतो.

धोके नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. खाणींतील पाणी दिसावयास शांत, पण कडा सरळ तुटलेला आणि तळ खोल. तेथें मुलांस हात सोडून जाऊं देऊं नये, आणि पोहावयास तर मुळींच नाहीं. गुंजेच्या लालकाळ्या बिया, कळलावीचा कंद, धोतऱ्याचें फळ, पिवळ्या कण्हेरीचें बीं हीं विषारी. हीं चार नांवें व रूपें मुलांस प्रथम शिकवावींत आणि ‘न विचारतां कांहीं तोंडांत घालावयाचें नाहीं’ हा एकच नियम कडक ठेवावा. दगड उचलावयाचा तो आपल्याकडची कड वर करून नव्हे, पलीकडची कड वर करून उचलावा, म्हणजे खालीं विंचू असल्यास त्याची वाट पलीकडे राहते. पायांत बूट असावेत. पाणी भरपूर न्यावें. त्या दिवशीं आठ वर्षांच्या मुलाचा गुडघा फुटला. आजीबाई दगडी पाल्याचा रस पिळावयास निघाल्या होत्या. आम्हीं स्वच्छ पाण्यानें धुऊन फडकें बांधलें. मुलगा पांच मिनिटांत पुन्हां खेळावयास गेला, आणि परत आल्यावर त्यानें घरीं जखमेचें वर्णन लढाईच्या थाटांत केलें असें ऐकतों.

आजीबाईंचा खरा उपयोग निराळाच झाला. काटक्यांची झोपडी बांधतांना मुलींच्या परकरांस एका झुडपाचीं बारीक कुसें चिकटलीं. आजीबाईंनीं पाहतांच सांगितलें, “अग, हा तर आघाडा! गणपतीच्या पत्रींतला. ऋषिपंचमीला ह्याच्याच काड्यांनीं आम्ही दांत घांसायच्या.” मुली चकित झाल्या. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहतात हें त्यांना ठाऊक होतें. परंतु पत्री म्हणजे बाजारांतून दोऱ्यानें बांधून आलेली एक हिरवी जुडी, एवढीच त्यांची ओळख. त्या जुडींत पुष्कळदां कशाचाहि पाला कोंबलेला असतो, आणि तो देवास वाहतांना गुरुजी मात्र आघाडा, माका, डोरली, विष्णुक्रांता अशीं नांवें क्रमानें उच्चारीत असतात! आजीबाईंच्या लहानपणीं हरितालिकेच्या आदल्या दिवशीं मुलांस टेकडीवर पत्री वेंचावयास धाडीत. वनस्पतिशास्त्राचा असा तास दरवर्षीं घरोघर भरत असे, आणि ज्या कोणीं ही पूजा योजिली त्यास हें ठाऊक नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. आतां हजारों माणसांनीं टेकडी ओरबाडावी असें आम्ही कधींहि सांगणार नाहीं. तेवढा पाला तिच्यापाशीं नाहीं. पण झाडावरच पान ओळखावयाचें आणि हात जोडून परत यावयाचें, ह्या रीतीनें ती यादी पुन्हां जिवंत करतां येईल. आजीबाईंनीं त्या तिसऱ्या प्रहरीं आघाडा, रुई आणि डोरली दाखविली. उरलेलीं अठरा मुलींनीं त्यांच्यामागें लकडा लावून पुढील खेपांसाठीं वदवून घेतलीं आहेत.

झोपडीची गोष्ट राहिली. आमच्या मुलांनीं बांधलेली झोपडी तीन वेळां कोसळली. पायथ्याच्या वस्तींतील दोन मुलें, बहुधा भाऊबहीण, काटक्या वेंचावयास आलीं होतीं. तीं बराच वेळ लांबून पाहत राहिलीं, मग बहीण पुढें आली आणि कांहीं न बोलतां तिनें तीन काठ्यांचीं टोंकें एकत्र धरून गवताच्या दोरानें आवळलीं व त्या तिवईसारख्या उभ्या केल्या. झोपडी उभी राहिली. त्यानंतर तास-दीड तास सात मुलें एकत्र खेळलीं आणि कोणाचें घर कोठें, शाळा कोणती, हें कोणीं कोणास विचारलें नाहीं. शाळा वेगळ्या, दिवाळीचे कपडे वेगळे, भाषेचा हेलहि थोडा वेगळा. गृहसंस्थेच्या बालोद्यानाच्या फाटकांतून ह्या दोघांस रखवालदारानें आंत सोडलें नसतें. टेकडीस फाटक नाहीं.

ताराबाई मोडक यांचें स्मरण येथें होणें अपरिहार्य आहे. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें ग्रामबालशिक्षणाचें केंद्र काढलें. हरिजनवस्तींतील मुलें बालवाडीकडे येईनात, तेव्हां शिक्षिकांनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली; ‘अंगणवाडी’ ह्या शब्दाची ही जन्मकथा. पुढें कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें, गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं त्यांनीं कुरणशाळा चालविली. मुलें गुरांमागें जातात ना, मग शाळेनें मुलांमागें कुरणांत जावें! शिंपले, खडे, बिया, पानें हींच तेथील शिक्षणाचीं साधनें. आपल्या समाजांत जन्मलेल्या एका विदुषीनें समाजाबाहेरच्या मुलांसाठीं जें योजिलें, तें आज आपल्याच मुलांस मिळत नाहीं, ही परिस्थिति थोडी विचित्र आहे खरी.

टेकडी आहे तोंवर ह्या गोष्टी बोलावयाच्या. बालभारतीकडून पौड फाट्याकडे वेताळ टेकडीच्या अंगावरून रस्ता नेण्याची योजना महानगरपालिकेनें पुढें आणली, तेव्हां २०२३ सालीं नागरिक मोठ्या संख्येनें तिच्या विरोधांत रस्त्यावर उतरले. वाहनांची गर्दी खरी आहे, आणि रस्ता मागणारे सर्वच लोक निसर्गाचे शत्रु नव्हेत. पण नकाशावर टेकडी ही मोकळी जागा म्हणून दिसते, आणि मोकळी जागा ही रिकामी समजण्याची आपल्या नगररचनेची जुनी खोड आहे. तेथें रोज कोणी येतें, कोणाचीं मुलें तेथें वाढतात, हें दिसल्यावांचून तिची बाजू कोणी घेणार नाहीं. सकाळीं फिरावयास येणाऱ्या वृद्धांनीं आजवर ती बाजू राखली आहे. मुलांची गर्दी मात्र आम्हांस तेथें फारशी दिसत नाहीं.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं ऋतु पाहून जावें. श्रावण-भाद्रपदांत तेरडा व कुर्डू फुललेला असतो, वाटा निसरड्या असतात. कार्तिकांत कुसळें व धुळींतील किडे. माघ-फाल्गुनांत गिरिपुष्पास गुलाबी बहर येतो. त्या दिवसांत वाळल्या गवतास ठिणगी पडून वणवे लागतात, म्हणून विस्तव नेऊं नये. चैत्र-वैशाखांत ऊन फार, तेव्हां पहांटे निघून आठाच्या आंत परतावें. खाणीच्या आसपास पांढऱ्या गारगोट्या सांपडतात, त्या घरीं आणून रात्रीं अंधारांत एकीवर एक घासल्या असतां उजेड पडतो आणि जळका वास येतो. आणि मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवसांत जाणें जमलें, तर ओल्या जमिनीवर मखमली तांबड्या रंगाचे मृगाचे किडे हिंडतांना दिसतील. ते पानावर घेऊन पाहावेत आणि पुन्हां तेथेंच सोडावेत. डबींत घालून घरीं आणल्यास जगत नाहींत.